'आंबा गोड लागतो' आणि 'मुलगी गोड गाते': इंग्रजीत विशेषण लावायचं की क्रियाविशेषण, हा घोळ कसा सोडवायचा

दहावीची वही असो, स्पर्धा परीक्षेतला चूक शोधायचा प्रश्न असो, नाहीतर ऑफिसातून गेलेला ई-मेल असो, एक चूक सगळीकडे सापडते. 'ही सिंग्ज गुड.' 'द मँगो टेस्ट्स स्वीटली.' 'आय वर्क्ड हार्डली.' पहिल्या वाक्यात 'वेल' हवं, दुसऱ्यात नुसतं 'स्वीट' आणि तिसऱ्यात 'हार्ड'. पहिली चूक, क्रियेबद्दल सांगणारा शब्द क्रियाविशेषण हवा, आणि ते सहसा शेवटी 'एलवाय' (-ly) जोडून होतं, हा नियम माहीत नसल्यामुळे झाली आहे. उरलेल्या दोन मात्र नियम पाठ असल्यामुळे झाल्या आहेत, आणि त्याच जास्त चिवट असतात.

चूक दाखवली की मुलं मान हलवतात, आणि पुढच्या निबंधात तीच चूक परत हजर असते. कारण लाल पेनाने कुठे 'एलवाय' जोडलेलं असतं, कुठे खोडलेलं असतं, पण हा शब्द वाक्यात कुणाबद्दल बोलतोय हे मुलाला कुणी विचारलेलंच नसतं. सगळा गुंता त्या एका प्रश्नाने सुटतो, असा माझा शिकवण्यातला अनुभव आहे. पण तो प्रश्न मराठी माणसाला आपणहून का पडत नाही, ते आधी बघायला हवं.

चूक येते कुठून

'चांगला मुलगा' आणि 'मुलगा चांगला गातो'. मराठीत दोन्हीकडे शब्द एकच. पहिल्या ठिकाणी 'चांगला' मुलाबद्दल सांगतो, दुसऱ्या ठिकाणी गाण्याबद्दल, तरी रूपात तसूभर फरक नाही. उलट दुसऱ्या ठिकाणीही तो विशेषणासारखाच लिंग-वचनाप्रमाणे बदलतो: ती चांगली गाते, ते चांगले गातात, त्याने गाणं चांगलं म्हटलं. आपल्या शालेय व्याकरणात इथल्या 'चांगला'ला क्रियाविशेषण म्हणतात, पण तो बदलतो म्हणून अव्यय म्हणत नाहीत. रूप विशेषणाचं आणि काम क्रियाविशेषणाचं, ही सोय मराठीने आपल्याला लहानपणापासून दिलेली आहे. ती सवय घेऊन इंग्रजीत गेलं की 'ही सिंग्ज गुड' आपसूक तोंडून जातं. हा आळस किंवा ढिलाई नव्हे. मातृभाषेत जे बरोबर आहे तेच मूल इथे लावतं आहे, आणि हे शिकवणाऱ्याने ओळखलं की रागवायची वेळ येत नाही.

आता 'गोड' घ्या. आंबा गोड लागतो. मुलगी गोड गाते. मराठीत दोन्ही वाक्यांची बांधणी सारखी दिसते. इंग्रजीत मात्र 'द मँगो टेस्ट्स स्वीट' आणि 'द गर्ल सिंग्ज स्वीटली'. गोडी आंब्यात आहे म्हणून तिथे विशेषण. गाणाऱ्या मुलीचा स्वभाव गोड असेल किंवा नसेल, वाक्य तिच्या गाण्याबद्दल आहे, म्हणून तिथे क्रियाविशेषण. हे दोन नमुने मी मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगतो. पुढे कुठेही अडलं की वाक्य 'आंबा' जातीचं आहे की 'मुलगी' जातीचं, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

'कसा?' हा प्रश्न का फसवतो

शाळेत हमखास सांगितलं जाणारं सूत्र म्हणजे क्रियापदाला 'कसा?' विचारा, उत्तर आलं की ते क्रियाविशेषण. हे सूत्र अर्धंच खरं आहे, आणि 'टेस्ट्स स्वीटली' सारख्या चुकांचं मूळ त्यातच आहे. आंबा कसा लागतो? गोड. उत्तर आलं, पण इंग्रजीत ते विशेषण आहे. ती कशी दिसते? सुंदर. उत्तर आलं, तरी 'शी लुक्स ब्यूटिफुली' चूकच. इंग्रजीत 'हाऊ' विचारूनही सुटका नाही. 'हाऊ डझ इट टेस्ट?' याचं उत्तर 'स्वीट' असंच येतं. म्हणजे 'कसा' या प्रश्नाला दोन्ही जातींचे शब्द उत्तर देतात, आणि ज्या प्रश्नाला दोघेही ओ देतात त्याने दोघांची ओळख पटणार नाही.

त्याऐवजी 'कोण तसं?' असं विचारा. गोड काय आहे? आंबा. सुंदर कोण आहे? ती. आणि 'मुलगी गोड गाते' मध्ये गोड काय आहे? गायची तऱ्हा. उत्तरात नाम किंवा सर्वनाम आलं तर विशेषण. क्रिया करायची तऱ्हा आली तर क्रियाविशेषण.

'इज' ठेवून बघायची युक्ती

वरचा प्रश्न अर्थावर चालतो, त्यामुळे घाईत कधी कधी चकवा होतो. परीक्षेत अर्ध्या मिनिटात निकाल लावायचा असेल तर याहून यांत्रिक चाचणी आहे, आणि ती फार क्वचित दगा देते. वाक्यातलं क्रियापद बोटाने झाका आणि तिथे 'इज', 'ॲम', 'आर' किंवा 'वॉज' ठेवा. वाक्य उभं राहिलं आणि अर्थ साधारण तोच राहिला, तर विशेषण. वाक्य कोसळलं, तर क्रियाविशेषण.

'द मँगो टेस्ट्स स्वीट' मध्ये 'टेस्ट्स' झाका: 'द मँगो इज स्वीट'. उभं राहिलं. 'द कुक टेस्टेड द करी केअरफुली' मध्ये 'टेस्टेड' झाका: 'द कुक वॉज द करी'. आचारीच रस्सा झाला, वाक्य कोसळलं. क्रियापद एकच, 'टेस्ट'. पहिल्या वाक्यात ते 'चव लागणे' आहे, दुसऱ्यात 'चव घेऊन बघणे'.

क्रियापदांची यादी पाठ करण्यापेक्षा ही चाचणी मला जास्त भरवशाची वाटते, ती याचमुळे. पुस्तकं यादी देतात: लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड, सीम, अपिअर, बिकम, रिमेन, स्टे, टर्न, ग्रो, गेट. यांच्यापुढे विशेषण येतं, असं सांगतात. पण यातली कितीतरी क्रियापदं दोन्हीकडे नांदतात. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द कंडक्टर' म्हणजे तिने कंडक्टरकडे रागाने पाहिलं. 'द मिल्क टर्न्ड सावर', दूध आंबलं; 'द बस टर्न्ड शार्पली', बस झटकन वळली. 'द प्लांट ग्रू टॉल' म्हणजे झाड वाढून उंच झालं, उंच झाड आहे. 'द प्लांट ग्रू क्विकली' म्हणजे भराभर वाढलं, इथे वाढण्याचा वेग सांगितला आहे. यादी पाठ असलेला मुलगा 'लुक' दिसताच डोळे मिटून विशेषण टाकतो आणि कंडक्टरच्या वाक्यात फसतो. 'इज' ठेवून बघणारा फसत नाही.

'आय फील बॅड' बद्दल वेगळं सांगावं लागतं. इंग्रजी मातृभाषा असलेली पुष्कळ माणसं 'आय फील बॅडली' म्हणतात, त्यामुळे सिनेमात किंवा मुलाखतीत ऐकलेलं घेऊन मुलं वाद घालतात. मनाला वाईट वाटलं हे सांगायचं असेल, तर लिहिताना आणि परीक्षेत 'बॅड' हेच धरा.

मराठीचीच मदत घ्या

घोळ मराठीतून येतो हे खरं, पण सोडवायलाही मराठी उपयोगी पडते. इंग्रजी वाक्याचं मराठी करा आणि त्या शब्दाच्या जागी 'नीट', 'व्यवस्थित', नाहीतर '-पणे' किंवा '-ने' लागलेला शब्द बसतो का बघा. मुलगी गोड आवाजात गाते, गोडव्याने गाते, हे चालतं. आंबा गोडव्याने लागतो, हे कुणी म्हणत नाही. तो शांतपणे बोलला, चालतं, म्हणून 'ही स्पोक काम्ली'. तो शांतपणे वाटला, चालत नाही, म्हणून 'ही सीम्ड काम'.

काही ठिकाणी तर मराठीने दोन वेगळे शब्दच ठेवले आहेत. तो गप्प राहिला: 'ही रिमेन्ड सायलेंट'. तो गुपचूप निघून गेला: 'ही लेफ्ट सायलेंटली'. 'गुपचूप राहिला' आणि 'गप्प निघून गेला' यांतला खटका मराठी कानाला लगेच कळतो. तोच खटका इंग्रजीत 'रिमेन्ड सायलेंटली'ला आहे. रागावलेली आणि रागाने, आनंदी आणि आनंदाने, काळजीत आणि काळजीपूर्वक, अशा जोड्या मुलांकडून काढून घ्याव्यात. फरक त्यांना आधीपासून कळत असतो, फक्त तो इंग्रजीत नेता येत नसतो.

कर्माच्या मागे लपलेलं विशेषण

आतापर्यंत शब्द कर्त्याबद्दल बोलत होता. कर्माबद्दल बोलणारा शब्द आला की चांगले चांगले गडबडतात, कारण तो क्रियापदानंतर, वाक्याच्या शेवटी येतो आणि क्रियाविशेषणाच्या जागेवर बसल्यासारखा दिसतो.

'शी फाउंड द पेपर इझी.' 'शी फाउंड द पेपर इझीली.' दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत आणि दोन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. पहिल्यात परीक्षेचा पेपर तिला सोपा गेला. दुसऱ्यात कुठलासा कागद हरवला होता, तो तिला चटकन सापडला. इथे 'इज' कर्म आणि शंकेचा शब्द यांच्या मधे ठेवायचा: 'द पेपर वॉज इझी'. पहिल्या वाक्याला हे लागू पडतं. दुसऱ्यात कागद सोपा नव्हता, सापडणं सोपं होतं.

स्वयंपाकघरात ही रचना आपण सतत वापरतो. पोळ्या पातळ लाटल्या, भाजी तिखट केली, भात मऊ शिजवला. लाटून झाल्यावर पातळ काय असतं? पोळी. म्हणून 'शी रोल्ड द चपातीज थिन'. भिंत हिरवी रंगवली: 'ही पेंटेड द वॉल ग्रीन'. खोली स्वच्छ ठेवा: 'कीप द रूम क्लीन'. मराठीत 'भिंत हिरवी रंगवली' म्हणताना 'हिरवी' भिंतीशी जुळवून घेते, 'फाटक हिरवं रंगवलं' म्हटलं की 'हिरवं' होतं. म्हणजे हा शब्द नामाचा आहे हे मराठी रूपानेच सांगते आहे. पण हा पुरावा एकटा पुरेसा धरू नका. 'गाणं चांगलं म्हटलं' मध्येही जुळणी आहेच, आणि तिथे इंग्रजीत 'वेल' येतं. निकाल 'इज' ठेवूनच लावा.

अशीच एक रचना कर्त्याच्या बाबतीतही आहे. 'ही केम होम टायर्ड', तो दमलेला घरी आला. 'केम' हे साधं चालण्या-येण्याचं क्रियापद, तरी पुढे विशेषण, कारण दमलेला तो आहे, येणं दमलेलं नाही. 'शी वेंट टू बेड हंग्री' हेही तसंच: ती उपाशी झोपली.

'एलवाय'वर भरवसा का ठेवता येत नाही

शेवटी 'एलवाय' दिसलं की क्रियाविशेषण, नाही दिसलं की विशेषण, असं मुलं समजतात. पुष्कळदा ते जमूनही जातं, म्हणून सवय सुटत नाही. पण फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, टाइमली, कॉवर्डली, लोनली, एल्डरली ही सगळी विशेषणं आहेत. यातली पहिली पाच नीट बघा: फ्रेंड, लव्ह, कॉस्ट, टाइम, कॉवर्ड ही नामं आहेत. नामाला 'एलवाय' लागलं की बहुतेक वेळा विशेषण होतं, विशेषणाला लागलं की बहुतेक वेळा क्रियाविशेषण. बहुतेक वेळा असं म्हणतो आहे, कारण 'सिकली' आणि 'डेडली' विशेषणाला लागूनही विशेषणच राहिली आहेत. 'डेली', 'वीकली', 'अर्ली' दोन्हीकडे चालतात: 'ए डेली पेपर', 'इट कम्स डेली'.

हा घोटाळा इंग्रजीच्या इतिहासातून आला आहे, आणि तो इतिहास वरच्या वर्गातल्या मुलांना सांगावा असं मला मनापासून वाटतं. साधारण इ.स. ११०० पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत विशेषण करणारा प्रत्यय 'लिक' होता आणि त्यापासून क्रियाविशेषण होताना शेवटी एक स्वर वाढून 'लिके' व्हायचं. (उच्चार आजच्या 'ईच'च्या जवळ जाणारे होते, पण तो तपशील इथे नको.) पुढे शब्दांच्या शेवटचे हलके स्वर गळून पडले, प्रत्यय झिजले आणि दोघांचंही 'एलवाय' झालं. म्हणून 'फ्रेंडली' आणि 'स्लोली' आज एकसारखे दिसतात. त्याच काळात काही विशेषणांना नुसता शेवटचा स्वर जोडून क्रियाविशेषण होत असे. तो स्वरही गळाला, आणि 'फास्ट', 'हार्ड' यांची दोन्ही रूपं एकच होऊन बसली. 'फास्टली' हा शब्द प्रमाण इंग्रजीत वापरात नाही तो याचमुळे. 'फास्ट' आधीच क्रियाविशेषण होता. मुलांना एवढं कारण कळलं की 'फास्टली' परत वहीत दिसत नाही, नुसतं 'चूक' म्हणून मात्र वर्षानुवर्षं जात नाही.

अशा बिन-'एलवाय'च्या क्रियाविशेषणांची सवय लावायला मराठी मुलासाठी क्रिकेटच्या समालोचनासारखी शाळा नाही. 'ही हिट इट हार्ड.' 'ही पिच्ड इट शॉर्ट.' 'प्लेड इट स्ट्रेट.' 'हिट इट हाय.' 'प्लेड इट लेट.' चेंडू उशिरापर्यंत थांबून, बॅटच्या अगदी जवळ येऊ देऊन खेळला, हे समालोचक 'लेट' या एका शब्दात सांगतो. तो 'प्लेड इट लेटली' म्हणत नाही, आणि 'पिच्ड इट शॉर्टली' तर कधीच नाही. ही वाक्यं मुलांच्या कानात आधीच बसलेली असतात. त्यांना फक्त दाखवून द्यायचं की हे क्रियाविशेषण तू रोज ऐकतोस.

'एलवाय' लागून अर्थच पालटतो तिथे

ही चूक सगळ्यांत महागात पडणारी आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ द्या. मुलाखतीत उमेदवार सांगतो, 'आय वर्क्ड हार्डली फॉर धिस एक्झाम.' त्याला म्हणायचं असतं की मी खूप मेहनत घेतली. ऐकणाऱ्याला कळतं की याने जेमतेम अभ्यास केला, कारण 'हार्डली' म्हणजे जेमतेम, क्वचितच, जवळजवळ नाहीच. मेहनतीसाठी 'वर्क्ड हार्ड'. एका प्रत्ययाने उमेदवाराने स्वतःच्या विरुद्ध साक्ष दिली.

'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'ही केम लेटली' लिहिलं की तो उशिरा आला हे कळत नाही. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळजवळ: 'ही निअरली फेल' म्हणजे पडता पडता राहिला. 'हाय' उंचीसाठी, 'हायली' प्रमाणासाठी: पतंग 'हाय' उडतो, माणूस 'हायली क्वालिफाइड' असतो. 'शॉर्ट' वरच्या क्रिकेटच्या वाक्यात आलंच, 'शॉर्टली' म्हणजे थोड्याच वेळात. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेत ते ऐकू येतं. 'मोस्ट' आणि 'मोस्टली', 'फ्री' आणि 'फ्रीली' याही जोड्या तपासून घ्या: फुकट जेवलो तर 'एट फ्री', मोकळेपणाने बोललो तर 'स्पोक फ्रीली'. या जोड्यांना कुठलीच चाचणी लावता येत नाही. त्या अर्थासकट पाठ कराव्या लागतात, आणि प्रत्येकीचं स्वतःचं एक वाक्य बनवून लिहावं लागतं.

'गुड' आणि 'वेल'ची कथा थोडक्यात. 'गुड' विशेषण, त्याचं क्रियाविशेषण 'वेल'. अडचण एवढीच की तब्येतीच्या अर्थाने 'वेल' स्वतःच विशेषण होतं: 'ही इज नॉट वेल', त्याला बरं नाही. तेवढा अपवाद लक्षात ठेवला की पुरे.

विशेषणालाच टेकू देणारा शब्द

क्रियाविशेषण फक्त क्रियापदालाच लागतं असं नाही. ते विशेषणाला आणि दुसऱ्या क्रियाविशेषणालाही लागतं, आणि इथे उलटी चूक होते: 'एलवाय' हवं असताना सुटतं. 'इट वॉज ए सरप्राइझिंग इझी पेपर.' मुलाला वाटतं पुढे 'पेपर' हे नाम आहे, म्हणजे दोन्ही विशेषणं. पण आश्चर्य कशाचं वाटलं? पेपरचं नाही, तो सोपा असल्याचं. 'सरप्राइझिंग' हा शब्द 'इझी'ला धरून आहे, म्हणून 'ए सरप्राइझिंगली इझी पेपर'. ओळखायचं असं: दोन शब्दांमध्ये 'अँड' घालून बघा. 'ए लाँग अँड डिफिकल्ट पेपर' चालतं, दोन्ही विशेषणं पेपरची. 'ए सरप्राइझिंग अँड इझी पेपर' म्हटलं की आपल्याला म्हणायचं होतं ते हरवतं. 'ए न्यूली बिल्ट ब्रिज', 'ए बॅडली रिटन लेटर' हे याच घरातले.

नुसतं 'एलवाय' जोडून भागत नाही तेव्हा

निबंधात हमखास येणारं वाक्य: 'माय ग्रँडमदर कुक्स डिलिशस.' आजी चविष्ट स्वयंपाक करते. क्रियापदापुढे विशेषण आलं म्हणून शिक्षक 'डिलिशसली' करून देतात. व्याकरणाचा नियम पाळला जातो, पण असं इंग्रजी सहसा कुणी बोलत नाही. मुळात चविष्ट काय आहे? स्वयंपाक. मराठीत 'स्वयंपाक करते' यात नाम बसलेलं आहे, इंग्रजीत 'कुक्स' म्हणताच ते क्रियापदात विरघळलं आणि 'डिलिशस'ला टेकायला जागा उरली नाही. त्याला त्याचं नाम परत द्या: 'शी कुक्स डिलिशस फूड'. नाहीतर 'शी कुक्स वेल' म्हणा.

'शी टॉक्स फ्रेंडली' याचंही तसंच. 'फ्रेंडली' विशेषण, आणि 'फ्रेंडलिली' शब्दकोशात असला तरी कानाला खडबडीत. म्हणून 'शी टॉक्स इन ए फ्रेंडली वे'. 'ही स्पीक्स इंग्लिश गुड' हे 'ही स्पीक्स इंग्लिश वेल' करता येतं, पण 'हिज इंग्लिश इज गुड' हेही तितकंच सरळ आहे.

यामागे बोलायच्या पद्धतीचा फरक आहे. मराठी कौतुक क्रियापदाने करते: ती छान गाते, तो जोरात पळतो, आजी मस्त गोष्टी सांगते. इंग्रजी पुष्कळदा नामाने करते: 'शी इज ए गुड सिंगर', 'ही इज ए फास्ट रनर', 'शी इज ए वंडरफुल स्टोरीटेलर'. वाक्य अशा रीतीने फिरवता आलं तर विशेषणाला नाम मिळतं आणि प्रश्नच उरत नाही. बोलताना अडखळणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना मी नियमाआधी हीच वाट दाखवतो.

तुलनेची रूपं

इथे पटकन जाऊ. 'क्विक'चं 'क्विकर', 'क्विकली'चं 'मोर क्विकली'. 'फास्ट' दोन्हीकडे 'फास्टर'च, 'मोर फास्टर' कधीच नाही. 'गुड' आणि 'वेल' दोघांचंही 'बेटर', त्यामुळे तुलना आली की तिथला घोळ आपोआप मिटतो: 'ही सिंग्ज बेटर दॅन मी' मध्ये चुकायला वावच नाही.

दोन्ही बरोबर असतात तेव्हा काय करायचं

'रीच्ड सेफली' की 'रीच्ड सेफ'? प्रवासाहून घरच्यांना पाठवायच्या निरोपात दोन्ही चालतात. 'सेफ' म्हटलं तर पोहोचलेला माणूस सुखरूप, 'सेफली' म्हटलं तर पोहोचणं निर्विघ्न. कांदा 'फाइन' चिरला की 'फाइनली'? चिरून झालेला कांदा बारीक आहे म्हणून 'फाइन' बसतं, चिरायची तऱ्हा सांगायची तर 'फाइनली', आणि पाककृतींच्या इंग्रजीत 'फाइनली चॉप्ड' हेच रूढ आहे.

घाटातल्या पाटीवरचं 'गो स्लो' चूक नाही. 'स्लो' क्रियाविशेषण म्हणून इंग्रजीत शतकानुशतकं चालत आलं आहे. १८व्या शतकातल्या व्याकरणकारांनी अशा बिन-'एलवाय'च्या रूपांवर नाराजी दाखवली, तेव्हापासून ती औपचारिक लेखनात मागे पडली, पाट्यांवर आणि बोलण्यात टिकली. ॲपलच्या १९९७ सालच्या 'थिंक डिफरंट' या जाहिरातीवरून वर्गात नेहमी वाद होतो. 'डिफरंटली' हवं होतं, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते की 'थिंक बिग' सारखं इथे 'डिफरंट' विचाराचा विषय म्हणून आलं आहे. मला दुसरी बाजू पटते, पण जाहिरातीच्या दोन शब्दांवरून आपलं अर्जाचं पत्र लिहू नये.

चूक शोधायच्या प्रश्नात 'ड्राइव्ह स्लो' किंवा 'कम क्विक' समोर आलं आणि दुसरी कुठलीच चूक दिसत नसेल, तर 'स्लोली', 'क्विकली' हेच अपेक्षित उत्तर समजा. प्रश्न काढणारा औपचारिक इंग्रजी धरून चालतो. मात्र पर्यायांत 'फास्टली' दिसलं, किंवा 'टेस्ट्स', 'स्मेल्स', 'साउंड्स' यांच्यापुढे 'एलवाय' दिसलं, तर आधी तिथेच बोट ठेवा, क्रियापद झाका आणि 'इज' लावून बघा.